कंटाळलेली कबुतरं आणि जयंतीकाकूंचा तांब्या

या, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही या, भिंत कुठे पळून जात नाही. फोन खिशात ठेवा, मांडी सैल करा आणि चित्त इकडे द्या. आज सांगायची आहे ती तीन इंग्रज कबुतरांची, एका तांब्याची आणि देवाच्या नावाची गोष्ट. कबुतरं विलायतेची, तांब्या साताऱ्याचा, आणि देव तर तुमच्याआमच्या सगळ्यांचाच. घडली मात्र कॅनडात, विंडसर गावी. तिथे नदीच्या या काठावर उभं राहिलं की पलीकडे अमेरिका दिसते, आणि माघ महिन्यात दोन्ही काठांवर काहीच दिसत नाही, कारण बर्फ.

या विंडसरात जयंतीकाकू हर्डीकर राहत. त्यांचे यजमान बाळकाका मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होते, ते आता निवृत्त. पण त्यांची खरी नोकरी वेगळीच. मंडळाच्या माघातल्या कार्यक्रमाला बाळकाका कीर्तन करत, आणि तेही गेली चाळीस वर्षं. अंगरखा, उपरणं, पगडी, हातात चिपळ्या. मागे पेटीवर त्यांचे मित्र मोहनराव, आणि मोहनरावांच्या शेजारी झांज घेऊन जयंतीकाकू. बुवांनी ओळ सोडली की मागच्यांनी ती उचलायची, हा कीर्तनाचा रिवाज. काकूंनी चाळीस वर्षं ती ओळ उचलली. शिवाय बुवांचा घसा कधी कोरडा पडतो हे त्यांना बुवांच्या आधी कळे. ओळ उचलता उचलता तांब्या कधी पुढे सरकला हे श्रोत्यांना दिसतसुद्धा नसे.

बाळकाका घरी फारसं बोलत नसत. वर्षभर ते जेवढं बोलत त्याच्या दुप्पट त्या एका संध्याकाळी बोलत. पण अलीकडे ऐकणारे आटत चालले होते. कोणी फ्लोरिडाला, कोणी मुलाच्या बेसमेंटमध्ये, कोणी देवाघरी. कॉलेजात शिकायला आलेली मुलं यायची, पण नेमकी आरतीच्या वेळी, म्हणजे मसालेभाताच्या वेळी. मागच्या वर्षी तर पुढच्या रांगेत एक जण झोपला होता आणि त्याला उठवायला गेलेली त्याची बायको परत येताना दाराकडे गेली.

मंडळाची अध्यक्ष सुरुची. ती दातांची डॉक्टर. दुखणार असेल तेव्हा आवाज अगदी मऊ करायची तिला सवय.

"काका," ती मऊ आवाजात म्हणाली, "या वर्षी कीर्तन करू या. पण हॉल असाच रिकामा राहिला तर नेक्स्ट इयर आपण कराओके ठेवू. लोकांना जरा इंटरॲक्टिव्ह हवं असतं."

बाळकाका "बरं" म्हणाले. घरी आल्यावर बूट काढता काढता एवढंच बोलले, "या वेळी जमलं नाही तर चिपळ्या ट्रंकेत ठेवून टाकू, जयंती."

चिपळ्या ट्रंकेत गेल्या की हा माणूस टीव्हीसमोरच्या आरामखुर्चीत जाणार, हे काकूंना स्वच्छ दिसत होतं. आणि त्या खुर्चीत गेलेले पुरुष परत आलेले त्यांनी पाहिले नव्हते.

आता कीर्तनाच्या आदल्या दिवसापासून असा बर्फ पडला की मोटारींचे नुसते उंचवटे राहिले. टोरोंटोकडे जाणारा हायवे बंद. सकाळी फोन वाजला. मोहनरावांची सून बोलत होती.

"काकू, बाबा ड्राइव्ह-वे शोव्हल करायला गेले होते. मी म्हटलं, आधी मीठ टाका, पाय घसरणार नाही. तर म्हणाले, मी काय भाजी आहे?"

"मग?"

"मग मनगट. प्लॅस्टर घातलंय."

म्हणजे पेटी गेली. तबल्याचं काम एक यंत्र करायचं, ते बटण दाबलं की वाजे आणि त्याला मनगट नव्हतं. पण पेटी कोण वाजवणार, आणि एकट्या काकूंचा आवाज त्या हॉलमध्ये पुरणार कसा? काकूंनी देवापुढे दिवा लावला आणि थोड्या करड्या आवाजात सांगितलं, "चाळीस वर्षं तुझंच नाव घेतोय. आता तू बघ."

देवाने बघितलं. पण देवाची बघायची तऱ्हा त्याची त्यालाच ठाऊक.

दुपारी ईशिता आली. ही सांगलीची मुलगी, काकूंच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायची, कॉलेज करून डोनटच्या दुकानात पार्टटाइम काम करायची. तिच्या मागे तीन माणसं उभी होती, नखशिखांत पांढरी.

"काकू, हे इंग्लंडहून आलेत. बँड आहे. काल इथल्या बारमध्ये शो होता, तो स्टॉर्ममुळे कॅन्सल झाला. व्हॅनचा हीटर गेलाय, मोटेल सगळी ट्रकवाल्यांनी भरलीत. सकाळपासून आमच्या दुकानात एकच कॉफी तिघांत पितायत. मला बघवेना."

"आत घे आधी. बँडचं नाव काय?"

"द बोअर्ड पिजन्स."

"म्हणजे कंटाळलेली कबुतरं? असं नाव कोणी स्वतःहून ठेवतं का?"

"ऑल्टरनेटिव्ह रॉक आहे, काकू. त्यात असंच असतं."

काकूंनी कबुतरांना स्वयंपाकघरात बसवलं आणि ऊन आमटीभात वाढला. तिघंही खालमानेने जेवली. गाणारा टोबी, उंच आणि वाकलेला, जणू जन्मापासून कमी उंचीच्या दारांतूनच ये-जा केलेली. कीबोर्ड वाजवणारी फ्लोरा, हिने तिसऱ्यांदा आमटी मागितली तेव्हाच ती काकूंच्या मनात भरली. आणि ड्रमवाला बर्नी, तो चमच्याने ताटाच्या कडेवर सतत काहीतरी वाजवत होता. एरवी कोणी तसं केलं असतं तर काकूंनी हातावर चापट दिली असती, पण मुलगा तालात होता.

त्यांचं गाणं कशावर असतं, असं काकूंनी विचारलं. टोबी इंग्रजीत बोलला, आपण मराठीत सांगू. तो म्हणाला, "एक फ्रिजच्या आवाजावर आहे. एक मंगळवारवर. एक माझ्या छतावर आहे."

"छतावर काय?"

"छताकडे बघतो मी. त्यावर."

"लोक येतात ऐकायला?"

टोबीने मान आणखी खाली घातली. फ्लोरा म्हणाली, "येतात. पण दोन गाण्यांच्या मधे हा काही बोलत नाही. बुटांकडे बघत उभा राहतो. मग लोकांना वाटतं संपलं, आणि ते वॉशरूमला जातात. परत येत नाहीत."

काकूंना हे दुःख एकदम ओळखीचं वाटलं. त्यांनी फ्लोराच्या लांब बोटांकडे पाहिलं, बर्नीच्या चमच्याकडे पाहिलं, देव्हाऱ्यातल्या दिव्याकडे पाहिलं. आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण मागितलं होतं ते आलंय, फक्त ते ओलं आहे आणि त्याला मराठी येत नाही.

"संध्याकाळी काय करताय?" त्यांनी विचारलं.

काकूंनी बाळकाकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "यांना ओळ उचलता येईल?"

"येईल. मी शिकवते."

काकूंनी शिकवलं ते असं. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "बुवा पुढे उभे राहतील. ते गोष्ट सांगतील, मधेच गातील. त्यांनी शेवटी जे गायलं ते तुम्ही लगेच उचलायचं आणि तसंच परत गायचं. अर्थ विचारायचा नाही, थांबायचं नाही. विचार करणं त्यांचं खातं आहे, आपलं नाही."

"जे गातील ते?" टोबीने विचारलं.

"जे गातील ते," काकू म्हणाल्या.

हा शब्द नीट ध्यानात ठेवा, मंडळी. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

हॉल म्हणजे एका चर्चचं बेसमेंट. तिथे रिकाम्या खुर्च्या दिसू नयेत म्हणून काकू दरवर्षी जमिनीवर सतरंज्या घालत. पण ईशिताने कॉलेजच्या मुलांना कळवून ठेवलं होतं की कीर्तनात इंग्लिश बँड वाजवणार आहे. त्यामुळे मुलं प्रथमच मसालेभाताच्या आधी आली. बर्फातून चालत आली आणि दाराशी ओल्या बुटांचा डोंगर झाला. जुने डॉक्टर, प्रोफेसर मंडळी खुर्च्यांवर. मोहनराव प्लॅस्टर घालून पहिल्या रांगेत, आणि त्यांचा एक डोळा आपल्या पेटीवर.

"ही पोरगी कुठल्या पट्टीत वाजवणार?" ते मोठ्याने म्हणाले. "काळी एक, सांगा तिला. काळी एक."

फ्लोराने पेटीचा भाता ओढला, आणि पेटी श्वास घेते म्हणून तिचे डोळे भरून आले. बर्नीला ड्रम मिळाले नाहीत. त्याने चर्चच्या पायरीवरची मिठाची रिकामी बादली उचलून आणली आणि पालथी घातली. तिघांनाही बूट काढायला लावले होते. टोबीने खाली पाहिलं तर स्वतःच्या पायांची बोटंच दिसली, तेव्हा तो गोंधळून समोर बघायला लागला.

पूर्वरंग नीट पार पडला. बाळकाकांनी नामाचा महिमा सांगितला, कबुतरांनी प्रत्येक ओळ उचलली. उच्चार असे की जुन्या प्रोफेसरांनी दोनदा कान साफ केले, पण सूर पक्का. मधे बुवांना हार झाला, सगळ्यांच्या कपाळाला बुक्का लागला. कबुतरांच्याही लागला. आणि उत्तररंगात बाळकाकांनी त्यांचं हुकमी आख्यान काढलं, हत्ती आणि मगरीचं.

हत्ती तळ्यात उतरला. मगरीने पाय धरला. हत्तीने जोर लावला, मगरीने ओढला, आणि चिपळ्या वाजवत बाळकाका तळ्यात असे काही बुडायला लागले की पोरांचे फोन हातातच राहिले. हत्तीची सगळी शक्ती संपली. त्याने सोंड वर केली. आता तो देवाला हाक मारणार. बाळकाकांनी हात उंच केला, तोंड उघडलं, आणि घसा कोरडा ठणठणीत पडला.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा तांब्या जागेवर नव्हता. बर्नीला बादलीवर हळू वाजव हे खुणांनी सांगता सांगता काकूंचं भान सुटलं होतं आणि तांब्या स्वयंपाकघरात राहिला होता.

आता बुवा उभे असतात ती नारदाची गादी. आख्यान अर्धं टाकून तिथून हलायचं नाही, सूर तोडायचा नाही. बाळकाकांनी शिस्त सोडली नाही. त्याच चालीत, त्याच करुण सुरात, हात तसाच वर ठेवून ते गायले:

"जयंती, पाणी आण..."

आणि कबुतरांनी ओळ उचलली.

"जयंती, पाणी आण," फ्लोराने खर्जात धरलं. "जयंती, पाणी आण," टोबीने वरच्या सुरात, डोळे मिटून, जणू मगरीने त्याचाच पाय धरला होता. बर्नीच्या बादलीने ठेका घेतला. तबल्याचं यंत्र आपलं चालूच होतं.

बाळकाकांनी घाईने हात हलवले, नको नको म्हणून. पण कीर्तनात बुवांनी हात हलवले की लय वाढवायची असते. एवढं कबुतरांना पूर्वरंगात समजलं होतं. त्यांनी लय वाढवली. मग श्रोत्यांनीही ओळ घेतली, कारण श्रोत्यांनाही तीच सवय. सतरंजीवरची पोरं टाळ्या वाजवून, खुर्चीवरचे डॉक्टर मान हलवून, अख्खं बेसमेंट म्हणायला लागलं, "जयंती, पाणी आण. जयंती, पाणी आण."

काकू स्वयंपाकघराकडे धावल्या. धावल्या म्हणजे काय, सगळा हॉल त्यांचं नाव ठेक्यात घेत होता, त्यामुळे पावलं आपोआप ठेक्यात पडत होती आणि साडी धरून त्या जणू नाचतच गेल्या. परत येताना तांब्या डोक्याच्या उंचीवर धरला, सांडू नये म्हणून. तेही लोकांना आख्यानातलंच वाटलं आणि हॉलभर हशा उसळला.

पहिल्या रांगेतली छोटी ऊर्मी आईला विचारत होती, "बट ही इज ऑलरेडी इन द वॉटर. व्हाय डझ द एलिफंट नीड वॉटर?"

बाळकाका पाणी प्याले, त्यांनी देव गरुडावरून उतरवला, हत्ती सोडवला, आरती झाली. जेवताना सगळे खूश होते. मोहनराव तर म्हणाले, "पेटी माझी होती म्हणून रंगलं."

पण घरी आल्यावर बाळकाकांनी चिपळ्या कापडात गुंडाळल्या आणि ट्रंकेवर ठेवल्या. आत नाही, वर.

"थट्टा झाली," ते म्हणाले. "हत्ती देवाला हाक मारत होता आणि लोक हसत होते."

"चूक माझी, तांब्या मी विसरले. लोक तुम्हाला हसले नाहीत."

"मग कोणाला? मगरीला?"

ट्रंकेवरच्या त्या गाठोड्याकडे बघत काकूंनी रात्र काढली.

सकाळी हायवे उघडला. कबुतरं निघाली. काल सगळे बुवांच्या पाया पडताना टोबीने पाहिलं होतं, म्हणून तोही वाकला. उंच माणूस, त्याला वाकायला वेळ लागला.

"सर," त्याने विचारलं, "तुम्ही गात नसता तेव्हाही लोक तुमच्याकडे बघतात. ते कसं करायचं?"

बाळकाकांनी विचार केला. "आम्ही बूट बाहेर काढतो," ते म्हणाले. "आत बघायला बूटच नसतात, मग माणसांकडे बघावं लागतं. आणि गाणं कशावर आहे ते आधी सांगतो. नाहीतर लोकांना काय कळणार आपण कुठल्या तळ्यात बुडतोय?"

टोबीने मान हलवली आणि बूट हातात घेऊनच व्हॅनमध्ये बसला. बाहेर उणे वीस होतं. फ्लोराने त्याला आत ओढलं. ईशिताची टोरोंटोच्या स्कारबरो भागात मैत्रीण होती, तीही त्यांच्याबरोबर निघाली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"काकू, तुम्ही बसल्या आहात ना?"

"बसलेय. काय झालं? अपघात?"

"नाही हो. स्कारबरोच्या बारमध्ये शो होता. टोबी अनवाणी स्टेजवर आला. दोन गाणी झाली, मग नेहमीसारखा गप्प. लोक उठायला लागले. आणि तो एकदम म्हणाला, थांबा, एक हत्ती आहे. काकू, त्याने अख्खं आख्यान सांगितलं. मगर, सोंड, सगळं. आणि हाकेच्या ठिकाणी..."

"नको सांगूस."

"हो. 'जयंती, पाणी आण.' काकू, अख्खा बार गात होता. तमिळ, पंजाबी, जमैकन, चायनीज, सगळे. वॉशरूममध्ये गेलेले लोक परत आले."

इथून पुढे मंडळी, कबुतरांनी जी भरारी घेतली ती काय सांगावी. ओटावात गेली तर सरकारी कचेऱ्यांतले सभ्य लोक टाय सैल करून पाणी मागायला लागले. मॉन्ट्रियलला लोकांनी मधेच फ्रेंचमध्ये पाणी मागितलं आणि ते चालीत बसलं. गाण्याच्या वेळी लोक पाण्याच्या बाटल्या डोक्याच्या उंचीवर धरायला लागले, कारण टोबीने सांगितलं होतं की तांब्या असाच येतो. बूट बाहेर काढायचे, मधल्या वेळात काळा टिळा लावायचा आणि मगच हत्ती ऐकायचा, अशी रीतच पडली. पुढे इंग्लंडातही हे पोहोचलं. जिथे आजवर कोणाला कोणाशी बोलायची सवय नव्हती तिथे अनोळखी माणसं एकमेकांच्या कपाळाला बोट लावू लागली.

आणि विंडसरात जयंतीकाकूंना ग्रोसरी घेणं कठीण झालं. काउंटरवरच्या मुलीने कार्डावरचं नाव वाचलं आणि विचारलं, "तुम्ही त्या जयंती?"

"कुठल्या?"

"पाणीवाल्या."

काकू लाजल्या, रागावल्या, आणि कोथिंबीर तिथेच विसरून आल्या.

बाळकाकांपर्यंत हे सगळं येत होतं, पण ते ऐकून घेत नव्हते. चिपळ्या ट्रंकेवर होत्या. आरामखुर्चीची उशी आता त्यांच्या पाठीच्या आकाराची झाली होती. एक दिवस टोबीचा फोन आला. गाणं रेकॉर्ड करायचं होतं, आणि त्याला परवानगी हवी होती.

बाळकाकांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाले, "नारदाच्या गादीला मालक नसतो. तुला गायचं तर गा. पण हत्ती तळ्यात ठेवून जायचं नाही. त्याला सोडवल्याशिवाय गाणं संपवायचं नाही."

टोबीने शब्द पाळला. गाणं झालं अकरा मिनिटांचं. रेडिओवाले म्हणाले, पाणी ठेवा, हत्ती कापा. टोबी म्हणाला, हत्ती सुटत नाही तोवर कोणाला पाणी नाही. शेवटी रेडिओवाल्यांनीच पाय मागे घेतला, आणि अकराच्या अकरा मिनिटं लागायला लागली. विंडसरच्या ट्रकवाल्यांना हत्ती कुठे सुटतो ते पाठ झालं.

पुढचा माघ आला. सुरुची घरी आली. आवाज या वेळी मऊ नव्हता, चिरका झाला होता.

"काका, हॉल बदलावा लागतोय. शाळेची जिम घेतलीय. लोक डेट्रॉइटहून येतायत, बॉर्डर ओलांडून. पिजन्स स्वतः येतायत मागे उभे राहायला. तुम्ही नाही म्हणू नका."

"कराओके ठेव," बाळकाका म्हणाले.

सुरुची गेल्यावर काकू त्यांच्या खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या. टीव्ही त्यांच्या मागे झाकला गेला.

"का नाही म्हणताय?"

"ते तुझं नाव ऐकायला येणार, जयंती. देवाचं नाही."

"माझ्या नावाने दार उघडत असेल तर उघडू द्या की. आत आल्यावर तुम्ही आहातच."

"आणि हसले तर?"

"हसलेला माणूस जागा तरी असतो. आठवतं ना, आधी काय होतं?"

बाळकाकांना पहिल्या रांगेतला झोपलेला माणूस आठवला असावा. ओठ जरासे हलले. मग त्यांनी ट्रंकेवरचं गाठोडं सोडलं आणि चिपळ्यांवरची धूळ उपरण्याने पुसली. काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि साताऱ्याचा तांब्या चिंचेने घासायला घेतला, इतका की त्यात तोंड दिसावं.

जिममध्ये बास्केटबॉलच्या जाळीखाली नारदाची गादी मांडली होती. दाराशी बुटांचा असा ढीग की घरी जाताना कोण कोणाचे घालून गेलं याची चर्चा अजून चालू आहे. सतरंज्यांवर काळ्या जॅकेटातली गोरी, सावळी, नाकात कड्या घातलेली पोरं, मांडी घालता येत नाही म्हणून कण्हत बसलेली, आणि कपाळाला बुक्का. पेटीवर मोहनराव, मनगट बरं झालेलं. फ्लोरा त्यांच्या शेजारी भाता बघत. बर्नीकडे तीच बादली. टोबी अनवाणी. आणि काकू झांज घेऊन, या वेळी पायाशी तांब्या नीट ठेवून.

बाळकाका मराठीत सांगत होते आणि ईशिता थोडक्यात इंग्रजीत. हत्ती तळ्यात उतरला तशी पोरांमध्ये चुळबुळ झाली. बाटल्या निघाल्या. सगळे त्या ओळीची वाट बघत होते, आणि ते बाळकाकांना समोरून स्पष्ट दिसत होतं. काकूंना मागून फक्त पगडी दिसत होती. पगडी हलत नव्हती.

मगरीने पाय धरला. मग बाळकाका असे बुडाले, मंडळी, असे बुडाले की त्या जिमच्या लाकडी फरशीवर पाणी चढलं. हत्तीचे भाऊबंद काठावरून निघून गेले. ईशिता इंग्रजीत सांगायची थांबली आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. सोंड वर झाली. घसा खणखणीत होता. बाळकाकांनी देवाला हाक मारली, पाण्याला नाही, आणि मागच्यांनी ती उचलली. पोरांनी उचलली. बाटल्या मांडीवर तशाच राहिल्या, हत्ती सुटेपर्यंत कोणाला पाण्याची आठवण झाली नाही.

काकूंनी ती हाक इतक्या जोरात उचलली होती की शेवटच्या वेळी त्यांचा आवाज फाटला आणि नुसती हवा आली. त्या झांज वाजवत राहिल्या. वाटलं, एवढ्या आवाजात कोणाला कळणार.

पण बाळकाका वळले. चाळीस वर्षांत बुवांनी कधी श्रोत्यांकडे पाठ केली नव्हती. ते वळले, वाकून काकूंच्या पायाशी ठेवलेला तांब्या उचलला, आणि त्याच चालीत, पण अगदी हळू गायले:

"जयंती, पाणी घे..."

क्षणभर कोणी ओळ उचलली नाही. मग टोबीने उचलली, मग फ्लोराने, मग सगळी जिम, सावकाश, जशी आरती म्हणतात तशी. काकूंना एवढ्या लोकांसमोर पाणी पिणं भारी अवघड गेलं. पण त्या पिईपर्यंत कोणी थांबेना, म्हणून त्यांना सगळा तांब्या प्यावा लागला.

बाळकाकांच्या चिपळ्या आता स्वयंपाकघरात खिळ्याला लटकतात, फोडणीच्या डब्याशेजारी. आरामखुर्ची ईशिताने बेसमेंटमध्ये नेली. सुरुची म्हणते, कराओकेचा विषय मी काढलाच नव्हता.

आता आरतीला उठायच्या आधी एक मागणं आहे. कबुतरांची तबकडी निघाली आहे. त्यात त्यांनी सगळ्यांचे आभार मानले आहेत, काकांचे, काकूंचे, बर्फाचे, मिठाच्या बादलीचेसुद्धा. पण ज्यांनी त्या सकाळी मीठ न टाकता फावडं उचललं आणि ज्यांचं मनगट मोडलं नसतं तर यातलं काहीच झालं नसतं, त्या मोहनरावांचं नाव राहून गेलं. ते भेटेल त्याला हे सांगतात, आणि भेटला नाही तर फोन करून सांगतात. तेव्हा ते गाणं कुठे कानावर पडलं, आणि पडेलच, तर हत्ती सुटल्यावर क्षणभर थांबा आणि मोहनरावांची आठवण काढा. पेटी त्यांची होती.